१३७ रकाने, छोटा पडदा आणि माऊसचं चाक

परळचा_पोरगा | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. परळमधल्या एका पतसंस्थेसाठी मी कर्जअर्जांची नोंद ठेवायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिलंय, सी शार्प भाषेत, विनफॉर्म्स (विंडोजवर फॉर्म बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरून. कागदी अर्ज चार पानांचा आहे आणि रकाने मोजले तर १३७ भरतात. एवढे कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण तिथले बरेचसे सभासद जुन्या चाळींतले. चाळ पुनर्विकासाला गेलेली, त्यामुळे एकेका माणसाचे तीन पत्ते: चाळीतली मूळ खोली, सध्याचं संक्रमण शिबिर किंवा भाड्याची जागा, आणि गावचं घर. अर्जदाराचे तीन, दोन जामीनदारांचे प्रत्येकी तीन. नऊ पत्ते इथेच झाले. यातला एकही उडवता येत नाही, वसुलीच्या वेळी नेमका तोच लागतो.

शाखेतले लॅपटॉप १३६६ × ७६८ चे, त्यावर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के. म्हणजे उंचीला जेमतेम ६१४ पिक्सेलांएवढी जागा, त्यातून टास्कबार आणि टायटलबार वजा. एवढ्यात १३७ रकाने कुठले मावायला? म्हणून एक पॅनेल घेतलं, त्याचं ऑटोस्क्रोल (आतलं मावलं नाही की आपोआप स्क्रोलबार देणारी सोय) चालू केलं, सगळे कंट्रोल, म्हणजे रकाने, लेबलं, बटणं, आत टाकले. दोन दिवसांत काम झालं, संस्थेलाही आवडलं.

मागच्या आठवड्यात फोन आला. एका सभासदाच्या हप्त्याची रक्कम कागदाशी जुळेना. अर्जावर ६० हप्ते, आमच्या नोंदीत ५७. नोंद करणाऱ्या मॅडम वीस वर्षं हेच काम करतात. त्या ठामपणे सांगत होत्या की मी ६०च टाकले. मी शाखेत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी रकान्यात क्लिक केलं, ६० टाकले आणि खालचा भाग बघायला माऊसचं चाक एक खाच फिरवलं. माझ्या डोळ्यांसमोर ६० चे ५७ झाले. फॉर्म जागचा हललाच नाही.

तो रकाना न्युमरिकअपडाउन होता, म्हणजे बाजूला वर-खाली बाण असलेला आकड्यांचा रकाना. विंडोजमध्ये चाकाच्या एका खाचेला तीन ओळी सरकायची मूळ सेटिंग असते आणि हा कंट्रोल तोच आकडा उचलतो, म्हणून थेट तीन कमी. ड्रॉपडाउनचंही तेच. कर्जाचा प्रकार 'घरदुरुस्ती'चा 'शैक्षणिक' होऊन बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. लोकांच्या घामाच्या पैशांचा हिशेब आहे हा. आता जुने सगळे २११ अर्ज कागदाशी ताडून बघायला घेतलेत.

एवढ्या मोठ्या फॉर्मला स्क्रोल हा मार्गच चुकीचा आहे का? फॉर्म वेगवेगळ्या टॅबच्या पानांत वाटू का? तुम्ही काय करता, सविस्तर लिहा प्लीज.

---

जुना_व्हीबीवाला | सोमवार, रात्री ११:४८

सगळ्यात आधी, शेजारी जाऊन बसलात हे फार चांगलं केलंत. फोनवर हा दोष सापडलाच नसता.

आम्ही व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, म्हणजे १९९८ नंतरच्या काळात, हेच काम हाताने करायचो. तिथे ऑटोस्क्रोल नावाची गोष्टच नव्हती. एका पिक्चरबॉक्समध्ये दुसरा उंच पिक्चरबॉक्स ठेवायचा, बाजूला उभी स्क्रोलबार, आणि ती सरकली की आतल्या बॉक्सचा टॉप ऋण करायचा. बाहेरची चौकट म्हणजे खिडकी, आतला बॉक्स म्हणजे खिडकीमागून सरकणारा कागद. ऑटोस्क्रोल आतून हेच करतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

त्यातही एक खड्डा होता. स्क्रोलबारची कमाल किंमत ३२,७६७ आणि व्हीबीचं मूळ माप ट्विप. नेहमीच्या पडद्यावर १५ ट्विप म्हणजे एक पिक्सेल. भागाकार केला की साधारण २,१८४ पिक्सेलांनंतर स्क्रोल संपायचा आणि शेवटचे रकाने तळाशी अडकून राहायचे. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे मला हे भोवलंय: जकातीच्या फॉर्मचे शेवटचे आठ रकाने दिसेचनात. माप पिक्सेलमध्ये केलं तेव्हा सुटलं. शिवाय एका फॉर्मवर कंट्रोलची नावं २५४ च्या पुढे चालायची नाहीत, म्हणून कंट्रोल ॲरे (एकाच नावाखाली क्रमांक दिलेले अनेक कंट्रोल) करायचो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ॲक्सेस डेटाबेसमध्ये तर फॉर्मच्या आयुष्यभरात ७५४ कंट्रोल आणि भाग मिळून मर्यादा, काढून टाकलेलेही त्यात धरले जायचे.

तुमच्याकडे असलं काही आड येणार नाही. १३७ रकाने, तेवढीच लेबलं. विंडोज एका प्रोग्रॅमला मुळात १०,००० यूझर हँडल (पडद्यावरच्या खिडक्या-कंट्रोलना लागणारे क्रमांक) देतं. तेव्हा संख्येची चिंता सोडा, तुमचा प्रश्न वेगळा आहे.

---

मुलुंड_चेकनाका | मंगळवार, सकाळी ८:०५

माझं मत टॅबच्या बाजूने. अर्जदार, जामीनदार १, जामीनदार २, कर्ज, तारण. पाच टॅब, प्रत्येकी पंचवीस-तीस रकाने. स्क्रोलची भानगडच नको. जे एका नजरेत दिसत नाही ते माणूस विसरतो, असा माझा अनुभव आहे.

---

परळचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ९:२०

लोकलमधून लिहितोय. टॅबमध्ये मला एक भीती वाटते. 'जतन करा' दाबलं आणि तिसऱ्या टॅबमधला एक रकाना रिकामा असला, तर चुकीची लाल खूण अशा पानावर असते जे समोर उघडलेलंच नाही. आणि कागदाची पानं टॅबशी जुळत नाहीत, जामीनदार २ कागदावर दुसऱ्या पानाच्या तळापासून तिसऱ्यावर जातो. पण तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो.

---

फोर्टची_काकू | मंगळवार, दुपारी २:३५

मी प्रोग्रॅमर नाही. १९९१ पासून निवृत्तीपर्यंत फोर्टमधल्या एका कचेरीत डेटा एंट्री केली, म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची सुरुवात फॉक्सप्रोवर. काळा पडदा, ८० अक्षरं रुंद, २५ ओळी. त्यात बसतील तेवढे रकाने, मग पुढचा पडदा. माऊस कुणी बघितला होता? रकाना भरला की कर्सर आपोआप पुढच्यात जायचा, नाहीतर एंटर मारायचा. डावं बोट कागदावरच्या ओळीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. मान वर करायची ती फक्त टूक असा आवाज आला तर.

तुम्ही सगळे पडद्यावर काय दिसतं याबद्दल बोलताय. पण टंकणाऱ्या बाईची नजर पडद्यावर नसतेच, ती कागदावर असते! तिला स्क्रोलही नको आणि टॅबही नको. तिला हवं ते एवढंच: एंटर मारला की पुढचा रकाना, तोही कागदावर जो पुढे आहे तोच. आणि मान वर केली तर आपण कुठे आहोत हे लगेच समजावं. मला सांगा, तुमच्या मॅडमना मुळात चाकाला हात का लावावा लागला? त्यांना खाली काय बघायचं होतं?

---

परळचा_पोरगा | मंगळवार, दुपारी ३:०२

काकू, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आत्ताच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कर्सर खालच्या रकान्यात जातो, पण तो रकाना अगदी तळाला चिकटून दिसतो. पुढे काय आहे ते दिसत नाही, म्हणून मी चाक फिरवते."

म्हणजे दोष चाकाच्या आधीच सुरू होतो.

---

खिडकीतला_खिळा | मंगळवार, रात्री १०:१५

काकूंनी मर्मावर बोट ठेवलं. आता तांत्रिक बाजू मी लिहितो, विनफॉर्म्सवर बरीच वर्षं काढली आहेत.

ऑटोस्क्रोल चालू असलं की फोकस (टंकलेलं जिथे उमटेल ती जागा) ज्या कंट्रोलवर जाईल तो दिसेपर्यंत पॅनेल आपोआप सरकतं. पण ते किमान सरकतं: रकान्याची खालची कड दिसली की थांबलं. तळाला चिकटून दिसतो तो यामुळे. उपाय अगदी छोटा आहे. ऑटोस्क्रोलमार्जिनची उंची वाढवा. दोन-तीन ओळींएवढी, समजा ९० पिक्सेल. सरकताना पॅनेल तेवढी जागा सोडतं, वर जातानाही आणि खाली जातानाही. पुढचे रकाने कायम नजरेत राहतील.

याहून बारीक ताबा हवा असेल तर पॅनेलचा स्वतःचा क्लास करा आणि स्क्रोलटूकंट्रोल ही पद्धत ओव्हरराइड करा, म्हणजे तिच्या जागी आपली लिहा. कुठे सरकायचं ते ठिकाण ती परत देते. मी तिथे असं करतो की नवीन गटाचा पहिला रकाना आला की गटाचं शीर्षकच वरच्या कडेला आणायचं. म्हणजे मान वर केली की 'जामीनदार २' हे शब्द समोर. याच पद्धतीने आणखी एक त्रास जातो. खाली स्क्रोल करून काही वाचत असाल, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन परत आलात, की फॉर्म उडी मारून फोकसच्या रकान्याकडे पळतो. फोकस बदललाच नसेल तर आहे तीच जागा परत द्या, उडी बंद.

चाकाचं: प्रत्येक ड्रॉपडाउन आणि न्युमरिकअपडाउनच्या माऊसव्हील इव्हेंटमध्ये येणारा आर्ग्युमेंट हँडल्डमाऊसइव्हेंटआर्ग्समध्ये बदलून घ्यायचा आणि हँडल्ड खरं करायचं. किंमत बदलायची थांबते. पण एवढ्यावर थांबू नका. नाहीतर पॉइंटर त्या रकान्यावर असताना फॉर्मही सरकणार नाही आणि माणसाला वाटेल माऊस बिघडला. तेवढंच अंतर पॅनेल आपण सरकवायचं. ड्रॉपडाउनची यादी उघडलेली असेल तेव्हा मात्र चाक यादीलाच द्या. आणि हे विंडोज ७ आणि १० दोन्हींवर तपासा. ७ मध्ये चाकाचा संदेश फोकस असलेल्या कंट्रोलकडे जायचा. १० मध्ये मूळ सेटिंगला तो पॉइंटरखाली जे असेल त्याकडे जातो. त्यामुळे एका मशीनवर दिसणारा दोष दुसऱ्यावर दिसत नाही.

हप्त्यांच्या संख्येला न्युमरिकअपडाउन वापरायचंच कारण नाही, असं माझं स्पष्ट मत. ते वर-खाली बाण ध्वनीची पातळी कमीजास्त करायला ठीक. कागदावरून ६० उतरवणाऱ्याला साधी टेक्स्टबॉक्स द्या आणि बाहेर पडताना आकडा तपासा.

---

खिडकीतला_खिळा | मंगळवार, रात्री १०:३१

दोन गोष्टी राहिल्या.

'जतन करा' स्क्रोलच्या आत ठेवू नका. तळाला डॉक केलेल्या, म्हणजे कडेला चिकटवलेल्या, वेगळ्या पट्टीत ठेवा आणि स्क्रोलचं पॅनेल उरलेल्या जागेत फिल करा. इथे क्रम महत्त्वाचा. फिल केलेलं पॅनेल ब्रिंगटूफ्रंटने सगळ्यात पुढे आणलं नाही तर ते आधी पूर्ण फॉर्म व्यापतं आणि त्याचा तळ पट्टीच्या मागे जातो. शेवटचे दोन रकाने कितीही स्क्रोल केलं तरी दिसत नाहीत. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

दुसरं, चालू असताना नवीन कंट्रोल जोडणार असाल, म्हणजे तिसरा जामीनदार वगैरे, तर ऑटोस्क्रोलपोझिशन सांभाळा. ती वाचताना ऋण मिळते आणि लिहिताना धन द्यावी लागते. कंट्रोलची जागा पडद्यावर आत्ता दिसणाऱ्या कोपऱ्यापासून मोजली जाते. खाली स्क्रोल केलेलं असताना नवा रकाना ४०० वर ठेवलात, तर तो मूळ कागदाच्या ४०० वर न बसता कितीतरी खाली जाऊन बसतो. जागेत ऑटोस्क्रोलपोझिशनचा वाय मिळवला की बरोबर. डावीकडे गटांची यादी देऊन क्लिकवर उडी मारायची असेल तरी हेच गणित, फक्त उलट चिन्हाने.

---

घाटकोपर_जावा | बुधवार, सकाळी ७:५०

जावा स्विंगमध्ये (जावाचं फॉर्म बनवायचं साधन) काम करणाऱ्यांसाठी: जेस्क्रोलपेनमध्ये साधं जेपॅनेल टाकलं तर उभ्या स्क्रोलबारचं युनिट इन्क्रिमेंट १ पिक्सेल असतं. चाक फिरवून बोट दुखतं. ते १६-२० करा. आणि स्विंग फोकसच्या मागे स्वतःहून सरकत नाही. टॅब मारत गेलात की कर्सर पडद्याबाहेर नाहीसा होतो. फोकस बदलला की त्या कंट्रोलची चौकट देऊन तो ज्या पॅनेलमध्ये आहे त्याचं स्क्रोलरेक्टटूव्हिजिबल बोलवावं लागतं. काकू म्हणतात तसं नजर कागदावर असेल, तर हे न केलेला फॉर्म धोकादायकच.

क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनात क्यूस्क्रोलएरिया टॅब कळीच्या मागे सरकत येतो, पण तिथेही क्यूकॉम्बोबॉक्स आणि क्यूस्पिनबॉक्स चाकाने बदलतात, त्यांना चाकाने फोकससुद्धा मिळतो. फोकस पॉलिसी स्ट्राँगफोकस करून व्हील इव्हेंट गाळावा लागतो.

---

मुलुंड_चेकनाका | बुधवार, सकाळी ८:१०

काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं टॅबचं मत मागे घेतो, निदान या कामापुरतं. मी जे फॉर्म करतो ते लोक स्वतः विचार करत भरतात, समोर कागद नसतो. दोन्ही कामं वेगळी आहेत हे लक्षात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

कानामात्रा | बुधवार, दुपारी १२:४०

लेबलं मराठीत आहेत ना? मग एक गोष्ट तपासाच. विनफॉर्म्सचा जुना मूळ फाँट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ, ८.२५ पॉइंट. इंग्रजीला तो चालून जातो, पण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार, अक्षराला उंची जास्त लागते. लेबलची उंची १३ पिक्सेलवर गोठवलेली असली की 'कुटुंबप्रमुख'चे उकार कापले जातात. निर्मला यूआय १० पॉइंट घ्या. लेबलांना ऑटोसाइझ द्या आणि ओळी टेबललेआउटपॅनेलमध्ये ऑटोसाइझ करून टाका, म्हणजे १२५ टक्क्यांवरही एकमेकांवर चढणार नाहीत. हे टेबल स्क्रोलच्या पॅनेलमध्ये वरच्या कडेला डॉक करा. फिल केलंत तर ते पॅनेलएवढंच राहील आणि स्क्रोल येणारच नाही.

उंची वाढून फॉर्म आणखी लांब होईल, होऊ दे. दाटीवाटीने मावलेल्या फॉर्मपेक्षा वाचता येणारा लांब फॉर्म केव्हाही चांगला. माझ्या आईला चष्मा लावूनही बँकेचा फॉर्म वाचता येत नाही, म्हणून हे जरा कळकळीने लिहितोय.

---

परळचा_पोरगा | शनिवार, रात्री ९:५५

उशीर झाला, क्षमस्व. मध्ये दोन दिवस शाखेतच होतो. पावसामुळे गर्दी कमी होती, त्यामुळे मॅडमना वेळ मिळाला.

आधी वाईट बातमी. २११ अर्ज ताडून झाले. चार नोंदी चुकलेल्या सापडल्या. दोघांच्या हप्त्यांची संख्या, एकाचा कर्जप्रकार, एकाच्या जामिनदाराचं नातं. चौघांनाही संस्थेने कळवलं, हप्ते दुरुस्त केले. ज्यांची चूक निघाली त्यातल्या एक आजी शाखेत आल्या होत्या. मी समोर बसून त्यांची माफी मागितली. चूक कुणाची होती ते मॅडमच्या साहेबांनाही स्पष्ट सांगितलं. मॅडमवर आळ राहायला नको होता.

आता बदल. सगळी न्युमरिकअपडाउन काढून टेक्स्टबॉक्स. ड्रॉपडाउनचं चाक बंद, पण फॉर्म सरकतो. ऑटोस्क्रोलमार्जिन ९० ठेवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या अजून थोडं, शेवटी १४० वर समाधान झालं. एंटरने पुढचा रकाना. टॅबइंडेक्स, म्हणजे रकान्यांचे पुढे जायच्या क्रमाचे आकडे, मी आधी डिझाइनरमध्ये जसे कंट्रोल टाकले तसेच होते, ते सगळे कागद हातात धरून नव्याने लावले. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला, अख्खी संध्याकाळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरकही यानेच पडला. शीर्षक वर आणायची खिळेभाऊंची युक्ती केली, शिवाय शीर्षकात 'पान ३' असा कागदी पानाचा आकडा घातला. फाँट निर्मला.

जतन करताना चूक सापडली तर पहिल्या चुकीच्या रकान्याकडे स्क्रोल आणि फोकस, आणि तळाच्या पट्टीत वाक्य: 'पान २, जामीनदार १: पिन कोड राहिला.' मुलुंडकर, जे दिसत नाही ते माणूस विसरतो हा तुमचा मुद्दा इथे कामी आला.

एक अडचण आली ती नोंदवून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. उभी स्क्रोलबार आली की तिच्या १७ पिक्सेलांमुळे रुंदी कमी पडून तळाला आडवीही यायची. पॅनेलला उजवीकडे तेवढं पॅडिंग आधीच दिलं, थांबलं.

काल मॅडमनी माझ्यासमोर सलग तीन अर्ज भरले. माऊसला हात लागला नाही.

---

फोर्टची_काकू | शनिवार, रात्री १०:२०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या वेळी मशीनची चूकही आमच्याच नावावर लागायची.

एक विचारू? जामीनदार बहुतेक अर्जदाराच्याच चाळीतले असतील. शेजारीच राहतात जामीन. मग तोच पत्ता परत परत टंकायचा का?

---

परळचा_पोरगा | शनिवार, रात्री १०:२६

काकू, मॅडमनी आज अगदी हेच मागितलं. आधी एफ ४ देणार होतो, पण त्या कळीने विंडोजमध्ये ड्रॉपडाउन उघडतो, म्हणून एफ ६ ठेवली. पत्त्याच्या कुठल्याही रकान्यात असताना दाबली की अर्जदाराचा त्याच प्रकारचा पत्ता उतरतो आणि कर्सर खोली क्रमांकावर थांबतो. चाळ एकच असली तरी खोली वेगळी असते. सोमवारी शाखेत घालतोय.